न टाकलेलं पत्र आणि अठ्ठावीस खंड

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मी ६७ वर्षांची, निवृत्त माध्यमिक शिक्षिका. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. १९९१ पासून मी ‘मिळून साऱ्याजणी’ या स्त्री-चळवळीतल्या मासिकाची वर्गणीदार आहे. वर्ष संपलं की अंक बांधून घ्यायचे, असे २८ खंड झालेत. नंतरचे अंक सुटे आहेत. आता गावचं घर विकून आम्ही नवराबायको पुण्यात मुलीजवळ फ्लॅट घेतोय. बांधाबांध करताना मुलीला १९९६ च्या खंडात एक पाकीट सापडलं. मी मासिकाला लिहिलेलं आणि कधीच न टाकलेलं पत्र. त्या वर्षी संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाखेत मला पर्यवेक्षिका म्हणून नेमणूक मिळत होती. सासूबाई आजारी, यजमानांची बँकेतली नोकरी, मुलगी सात वर्षांची. मी नकार लिहून दिला. त्यावर पत्रात लिहिलं होतं : ‘मला कुणी नको म्हटलं नाही, पण हो म्हणायला जागाच ठेवली नाही.’ मुलगी म्हणाली, ‘आई, एवढं कळत होतं तर पाठवलं का नाहीस? आणि तीस वर्षं हे वाचून बाबांचं जेवलेलं ताट अजून तूच उचलतेस. मग वाचून उपयोग काय झाला?’ यजमान दर महिन्याला अंक आणून माझ्या हातात द्यायचे, पण त्यांनी तो उघडल्याचं मला आठवत नाही. नव्या घरात जागा नाही. खंड रद्दीत द्यावेत का? वर्गणी पुढे भरावी का? आणि मासिकांनी समाज बदलतो, हा आमच्या पिढीचा भ्रमच होता का?

ताई,

आधी रद्दीवाल्याला ‘या आठवड्यात नको’ म्हणून सांगा. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या मुलीच्या प्रश्नावर एक तयार उत्तर आहे आणि तुमच्या मैत्रिणींनी एव्हाना ते दिलंही असेल : ‘अगं, मुलगी असं विचारू शकते, हेच त्या मासिकाचं यश!’ मी ते देणार नाही. एक तर त्यात मुलीचं कर्तृत्व परस्पर मासिकाच्या खात्यावर जमा होतं. ती शिकली, शहरात राहिली, तिच्या मैत्रिणी, तिचे साहेब, तिच्या पगाराची स्लिप, या सगळ्यांनी तिला घडवलंय. आणि दुसरं, तिनं मूळ प्रश्न विचारलाय तो तुम्हाला. त्याचं श्रेय घेऊन मोकळं होणं म्हणजे उत्तर द्यायचं टाळणं.

पण तिच्या प्रश्नात एक गृहीत आहे आणि तुम्हीही ते बिनतक्रार मान्य केलंय. मासिक म्हणजे औषध. तीस वर्षं घेतलं तरी ताप उतरत नाही, म्हणजे औषध खोटं. मला वाटतं, इथेच जरा थांबायला हवं.

तुम्ही १९९६ मध्ये दोन कागद लिहिलेत. एक संस्थेला. त्यातला मजकूर तुम्ही सांगितला नाहीत, पण अशा अर्जांची भाषा आपल्या सगळ्यांना पाठ असते : ‘घरगुती अडचणीमुळे सदर नेमणूक स्वीकारण्यास असमर्थ आहे.’ दुसरा कागद मासिकाला, त्यात ते वाक्य. मला कुणी नको म्हटलं नाही, पण हो म्हणायला जागाच ठेवली नाही. पहिला कागद तुमच्या आईनंही लिहिला असता, आजीनं अंगठा उठवला असता. दुसरा कागद लिहायला काहीतरी वेगळं लागतं. ‘घरगुती अडचण’ ही आभाळातून पडत नाही, ती कुणीतरी कुणाच्या तरी वाट्याला घालतं, एवढं दिसावं लागतं. ते तुम्हाला दिसलं, आणि दिसलं ते सुबक वाक्यात उतरलं. पाच वर्षं दर महिन्याला दुसऱ्या बायकांची अशी वाक्यं वाचल्याशिवाय ते उतरलं असतं का? मला शंका आहे. मासिकाचं काम ते. पत्र पेटीत टाकणं हे मासिकाच्या हातात नव्हतं.

हे मी मासिकाची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. हा कारखाना कसा चालतो, ते तुमच्याच जिल्ह्यात बघा. किर्लोस्करवाडीला नांगर आणि पंप बनवणाऱ्या वसाहतीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. तेव्हा वाडी औंध संस्थानात होती. यंत्रांच्या खडखडाटात बायकांचं मासिक, हे मला नेहमीच थोडं मजेशीर आणि फार छान वाटत आलंय. विद्या बाळ या ‘स्त्री’च्या संपादक होत्या १९८३ ते १९८६, आणि पुढे ऑगस्ट १९८९ मध्ये त्यांनी पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. तुम्ही तिसऱ्या वर्षातच वर्गणीदार झालात, म्हणजे जुन्याच.

आता मधली गोष्ट, कारण तुमच्या ‘भ्रम’ या शब्दाचं उत्तर माझ्या मते तिच्यात आहे. जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये तिथे पती निर्दोष सुटला. न्यायालयातली गोष्ट तिथे संपली. पण त्याआधीच पुण्यातल्या बायका एकत्र आल्या होत्या. त्यातून नारी समता मंच उभा राहिला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव गेलं. फलक, चित्रं, मजकूर, एवढंच. पण नाव बघा : ‘मंजुश्रीला न्याय द्या’ नाही, ‘मी एक मंजुश्री’. ते बघून बायका बोलायला लागल्या. मग लक्षात आलं की बोलायला जागाच नाही, म्हणून ‘बोलते व्हा’ केंद्र निघालं. छापलेला शब्द, मग बोललेला शब्द, मग बसून ऐकायला एक खोली आणि दोन खुर्च्या. या साखळीत शब्द पहिला होता. पण तो एकटा असता तर फलक गुंडाळून माळ्यावर गेले असते.

खुद्द विद्याताईंनाही हे पक्कं ठाऊक असावं. देवळातल्या स्त्रियांच्या प्रवेशावर अग्रलेख लिहून त्या थांबल्या नाहीत. शनिशिंगणापूरच्या निमित्तानं त्या नीलिमा वर्तकांबरोबर मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की देवळात जायचा बायकांचा हक्क राखणं हे सरकारचं कर्तव्य आहे. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या. तुमच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, ताई. हे तुम्हाला टोचायला सांगत नाही (थोडंसं टोचायला सांगतेय).

आणखी एक, मासिक लहान की मोठं यावरून त्याचं माप काढू नये. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, एकात बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची वकिली केली. संततिनियमनाचं नाव काढलं की लोक नाक मुरडायचे, त्या काळात हा माणूस पदरमोड करून ते छापत होता. १९५२ मध्ये सरकारनंच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. कर्व्यांमुळे सुरू केला असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण जी गोष्ट कुजबुजूनही बोलायची नाही ती सरकारी भिंतीवर रंगवली जाईपर्यंत, मधल्या काळात कुणीतरी ती मोठ्यानं म्हणत राहावं लागतं. वर्गणीदारांचा आकडा त्यात फारसा महत्त्वाचा नसतो.

इतकं म्हटल्यावर मुलीच्या बाजूचंही बोलते, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. या मासिकांना एक मर्यादा होती. वाचणारी बाई बहुतेक वेळा शिकलेली, पगारी किंवा पगारदाराच्या घरातली, आणि जातीच्या उतरंडीत वरच्या पायऱ्यांवरची असायची. तुमचं मासिक निघालं त्याच १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं, आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास सांगणारं. त्या ‘ही’वर बोट ठेवून बघा. स्त्रियांचा इतिहास म्हणून आपण जो सांगत होतो, त्यात आम्ही कुठे आहोत, असं तो एक ‘ही’ विचारतो. पुढे चळवळीतल्या मासिकांना हा प्रश्न स्वतःला विचारावा लागला. कुणी मनापासून विचारला, कुणी विशेषांक काढून भागवलं. तुमच्या-माझ्यासाठी त्याचं घरगुती रूप असं : दुपारी अंक घेऊन पलंगावर टेकायचात, तेव्हा मोरीत भांडी कोण घासत होतं? ती वाचू शकत होती का? तिला कधी एखादा लेख वाचून दाखवलात का? मी दाखवला नव्हता. मला हा प्रश्न पडायला फार वर्षं लागली.

आता ताट.

मुलीला ताट दिसतं कारण ते दिवसातून दोनदा दिसतं. पण ताई, ताटाआधी मला दुसऱ्या एका कागदाची काळजी वाटते. गावचं घर विकून फ्लॅट घेताय. करारनाम्यावर नाव कुणाचं पडणार आहे? पत्रात तुम्ही खंड ठेवायच्या जागेबद्दल लिहिलंत, मुलीच्या बोलण्याबद्दल लिहिलंत, पण याबद्दल अवाक्षर नाही. माझा अनुभव असा की ज्या गोष्टीचा उल्लेखच येत नाही, ती बहुधा ‘ते बघतील’ या खात्यात असते. तुम्ही आयुष्यभर पगार आणलात, आता पेन्शन आणताय. करारनामा नोंदवायच्या आधीच दोघांची नावं घालायला सांगा. नंतर घालायचं म्हटलं की बक्षीसपत्र आलं, मुद्रांक आला, आणि ‘आता कशाला उगाच’ आलं. नोंदणी झाली की इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा, स्वतः वाचा, आपलं नाव नीट लिहिलंय ना बघा. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलं म्हणजे मालकी मिळाली, असा गैरसमज अनेकींचा असतो. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक नव्हे. आणि दोघांनीही मृत्युपत्र करा. ते करायला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी.

वाचकांपैकी ज्या नवं घर घेताहेत त्यांच्यासाठी : महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. बऱ्याच घरांत तेवढ्या सवलतीपुरती बाई मालकीण होते. हरकत नाही, होऊ दे. कागद कागदच असतो.

ताटाचं काय? तुमचे यजमान सत्तरीचे असतील. मला ते दुष्ट वाटले नाहीत. दर महिन्याला अंक आणून हातात देणारा माणूस आहे तो. पण मला एक विचारायचंय. ‘त्यांनी तो उघडल्याचं मला आठवत नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही कधी म्हणालात का, ‘अहो, हे दोन पानी आहे, वाचा’? की ते माझं, हे त्यांचं, अशी वाटणी तुम्हीही सोयीची म्हणून चालवून घेतलीत? स्वयंपाकघर आणि मासिक, दोन्ही ‘तिचं’. अशा वाटणीत पुरुषाला काहीच सोडावं लागत नाही, आणि बाईला वाचायला एक कोपरा मिळतो. फार जणींनी हा सौदा केलाय, मीही केलाय. नारी समता मंचाला पुढे पुरुषांसाठीही संवाद केंद्र काढावं लागलं, ते उगाच नाही. बायका बोलत्या झाल्या आणि घरी ऐकणाऱ्याला भाषाच येत नव्हती.

म्हणून माझी सूचना अशी. ते पत्र त्यांना वाचायला द्या. मुलीसमोर नको, तिथे ते लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात जातील आणि तुम्ही त्यांची बाजू घ्यायला लागाल, पाहा हं. दोघंच असताना, दुपारच्या चहाला. ‘हे मी तेव्हा लिहिलं होतं, तुम्ही वाचावं असं वाटतं,’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. शिक्षिकेला गप्प बसणं अवघड असतं, मला ठाऊक आहे. ते कदाचित म्हणतील, ‘तू तेव्हा बोलली का नाहीस?’ यावर चिडू नका. तो प्रश्न मुलीनंही विचारला होता आणि तिच्या तोंडी तो तुम्हाला चालला. कदाचित काहीच म्हणणार नाहीत. तेही एक उत्तर आहे, पण लगेच त्याचा अर्थ लावू नका, दोन-चार दिवस जाऊ द्या. ताटाचं मात्र वेगळं, साधं सांगा. नव्या घरात ज्यानं त्यानं आपलं ताट सिंकमध्ये नेऊन ठेवायचं. कारण विचारलं तर ‘माझे गुडघे’ असं सांगू नका. गुडघ्यांवर ढकललंत की ती पुन्हा ‘घरगुती अडचण’ झाली. ‘मला आता उचलायचं नाही,’ एवढं पुरे. जागा बदलताना सवयी बदलणं जरा सोपं जातं. जुन्या घरात कुठे कोण बसायचं हे भिंतींनाही पाठ झालेलं असतं.

हे सगळं मी अशा घरासाठी लिहितेय जिथे पत्र वाचून फार तर अबोला होईल. ज्या घरात मार आहे, धमकी आहे, तिथे असे प्रयोग करू नका. तिथे आधी १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा संरक्षण अधिकाऱ्याला गाठा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

खंडांकडे वळू. २८ वर्षांचे सलग अंक ही एखाद्या अभ्यासकाला सोन्यासारखी गोष्ट आहे, विशेषतः वाचकांच्या पत्रांची पानं. लेख पुढेमागे पुस्तकात येतात. इस्लामपूरच्या किंवा लातूरच्या बाईनं त्या महिन्यात काय लिहिलं, ते फक्त अंकातच राहतं. एक तपासा : बांधणाऱ्यानं मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकल्यात का? पुष्कळ बाइंडर ‘नको असलेली’ पानं फाडून टाकतात आणि त्या काळची अर्धी गोष्ट तिथेच जाते. दिवाळी अंक वेगळे ठेवले असतील तर तेही जोडा. कसर लागलेले खंड वेगळे काढा, उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर ठेवा. मग वहीत यादी करा : वर्ष, कोणते महिने आहेत, कोणते नाहीत.

यादी झाली की फोन करा, खोकी घेऊन दारात जाऊन उभ्या राहू नका. पुणे विद्यापीठात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाचं स्त्री अभ्यास केंद्र आहे. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र १९७४ पासून आहे. त्यांच्याकडे संच असेल तर तुमच्या यादीतून त्यांची तूट भरून निघू शकते, तेवढेच द्या. उरलेले तुमच्या तालुक्याच्या वाचनालयाला. माझा कल खरं तर तिकडेच आहे. पुण्यात अभ्यासक येतील, पण तालुक्याच्या वाचनालयात अकरावीतली मुलगी येईल, तिला दुसरं काही सापडत नव्हतं म्हणून हा खंड उघडेल. फक्त ग्रंथपालाला सांगा, कपाटाच्या वरच्या खणात कुलूप लावून ठेवायचे असतील तर देत नाही. मास्तरीण म्हणून तुमचा तेवढा धाक चालेल.

दोन-तीन खंड मात्र स्वतःजवळ ठेवा. कोणते, हे मी सांगायची गरज नाही.

वर्गणी? भरा, पण दोन. एक स्वतःची आणि एक भेट. अशी मासिकं वर्गणीदारांवर, देणगीदारांवर आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर तगून असतात, त्यातलं पहिलं आपल्या हातात असतं. भेट वर्गणी पुण्यातल्या मैत्रिणीला देऊ नका, ती तुमच्यासारखीच आहे. गावातल्या अंगणवाडी सेविकेला द्या, तुमच्या जुन्या विद्यार्थिनीला द्या, नाहीतर सरळ शाळेच्या स्टाफरूमला द्या. नव्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होईलच; प्लास्टिकच्या डब्याऐवजी वाण म्हणून जुना सुटा अंक द्या आणि विधवा शेजारणीला आधी बोलवा. कुणी कुरकुर केली तर करू दे. अंक वाचून महिन्यातून एकदा चार जणी बसल्या, तर त्यात कामवाल्या मावशींनाही बसवा, खाली नाही, खुर्चीवर. वाचता येत नसेल तर कुणीतरी मोठ्यानं वाचेल. माझ्या सोसायटीत हे जमायला तीन महिने लागले आणि पहिल्या वेळी मावशींनी लेख ऐकून जे म्हटलं, ते ऐकून आम्ही तिघी गप्प झालो होतो. ते इथे छापायला मी त्यांना विचारलेलं नाही.

मुलीला काय सांगायचं, ते राहिलं. ‘पाठवलं का नाहीस?’ हा तिचा प्रश्न खरा आहे. तुम्ही मला जे लिहिलंत त्यात त्याचं उत्तर नाही. भीती होती, की लाज, की छापून आलं तर गावात हस्ताक्षराशिवायही ओळखतील असं वाटलं? तिला सांगा. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि तुमच्या नकाराच्या कारणांत तिचंही नाव होतं. हे तिला तुमच्या तोंडून कळायला हवं, नाहीतर ती ते स्वतःच जुळवेल आणि चुकीचं जुळवेल.

पाकिटावर तिकीट लावलेलं आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. सवडीनं कळवा. मला उत्सुकता आहे.